विश्लेषण : फरशीखालून घरात शिरणारा वायू… देवनारच्या घरांना धोका किती? नवे नियम काय झाकतात, काय सोडतात?

देवनार डम्पिंग ग्राउंडची सुमारे १२४ एकर जागा धारावी पुनर्विकास प्रकल्पातील रहिवाशांच्या पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतला. पुढे जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनासाठी देशातील पहिली स्वतंत्र नियमावली अधिसूचित केली. पहिल्या बातमीवर राजकारण भरपूर झाले, दुसरी आतल्या पानांत राहिली. या दोन्हींना जोडणारा एक प्रश्न मात्र फारसा विचारला गेलेला नाही. जमिनीत साठलेला वायू फरशीतून घरात येऊ लागला तर ते कोणाला, कसे आणि केव्हा कळणार? आपण हवेचे प्रदूषण म्हणतो तेव्हा खिडकीबाहेरच्या हवेचा विचार करतो. हा विषय खिडकीचा नाही, फरशीचा आहे.

वायू जमिनीतून घरात येतो कसा?

माती भरीव नसते. कणांमध्ये पोकळ्या असतात आणि भूजलाच्या वर असलेल्या थरात त्या पोकळ्यांमध्ये हवा असते. खाली कचरा कुजत असेल, पेट्रोलची टाकी गळत असेल किंवा खडकातून नैसर्गिक वायू सुटत असेल, तर तो या हवेत मिसळतो आणि वाट मिळेल तिकडे सरकतो. मोकळ्या मैदानात तो वर येऊन वाऱ्यावर विरून जातो. त्याच जागी इमारत उभी राहिली की गणित बदलते.

इमारत जमिनीतली हवा ओढून घेते. आतली गरम हवा वर चढून वरच्या खिडक्यांतून बाहेर पडली, की तळाशी दाब किंचित कमी होतो आणि ती जागा भरायला खालून हवा येते. युरोप-अमेरिकेत थंडीच्या दिवसांत हे जोरात चालते. मुंबई-पुण्यात आतल्या-बाहेरच्या तापमानात तेवढी तफावत नसते, म्हणून आपण सुटलो असे वाटेल. पण एसीसाठी खिडक्या बंद करून किचनची चिमणी लावा. तासाला हजार-बाराशे घनमीटर हवा ओढते अशी जाहिरात असलेली ही यंत्रे ती हवा आणणार कुठून? दाराच्या फटीतून, बाथरूमच्या जाळीतून, आणि तळमजल्यावर घर असेल तर जमिनीतूनही.

यासाठी लागणारा दाबातला फरक फार नसतो. तीन ते पाच पास्कल पुरतात. वातावरणाचा एकूण दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो. फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर नकोसा झालेल्यांसाठी सोपे करून सांगायचे तर चार पास्कल म्हणजे अर्धा मिलिमीटरही न भरणाऱ्या पाण्याच्या थराचा दाब. एवढ्याशा ओढीने वायू काँक्रीटमधल्या भेगांतून, पाइप आणि केबल जिथून स्लॅब भेदून आत येतात तिथल्या फटींतून, भिंत आणि फरशीच्या सांध्यातून आणि लिफ्टच्या खड्ड्यातून वर येतो. लिफ्टचा खड्डा तर इमारतीतला सर्वांत खोल भाग. तिथून वर सर्व मजल्यांना जोडणारी उभी नळीच असते.

पाऊस आणि हवामानाचा याच्याशी काय संबंध?

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील लॉस्को गावात २४ मार्च १९८६ रोजी सकाळी एक बंगला स्फोटाने उद्ध्वस्त झाला. आतले तिघे गंभीर जखमी झाले. घरात गॅस गळती झाली नव्हती. सुमारे ७० मीटरवर एका जुन्या खाणीत कचऱ्याचा भराव होता, तो काही वर्षांपूर्वी थांबवण्यात आला होता. तिथला मिथेन खडकातल्या भेगांमधून सरकत बंगल्याखाली येऊन साठला होता.

पण मिथेन त्याच सकाळी का उसळला? चौकशीत उत्तर हवामानाच्या नोंदींत सापडले. आदल्या सात तासांत वातावरणाचा दाब २९ हेक्टोपास्कलने, म्हणजे २,९०० पास्कलने घसरला होता. वर सांगितलेले चार पास्कल आठवा. बाहेरचा दाब असा झपाट्याने उतरला की जमिनीत दबून असलेला वायू बाटलीचे झाकण सैल केल्यासारखा वर येतो.

आपल्याकडे ‘कमी दाबाचा पट्टा तयार झाला’ हे वाक्य पावसाळ्यात रोज कानावर पडते. त्याच वेळी पावसाने जमिनीचा वरचा थर पाण्याने भरतो, त्यातल्या पोकळ्या बंद होतात. वायूला सरळ वर जाता येत नाही, तो आडवा सरकतो. आणि आसपास कोरडी राहिलेली माती कुठे असते? इमारतीखाली. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटचे रस्तेही वर्षभर हेच करतात. समुद्र-खाडीकाठी आणखी एक भर पडते. भरतीला भूजल वर चढते आणि वरच्या मातीतली हवा पिस्टनसारखी ढकलते. मुंबईत हे सगळे घटक एकत्र आहेत. त्यामुळे मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी मोजमाप करून ‘वायू आढळला नाही’ असा शेरा मारला, तर त्याला फारसा अर्थ नाही. लॉस्कोतही आदल्या आठवड्यात मोजणी केली असती तर कदाचित फार काही सापडले नसते.

कचराभूमीवरच्या इमारतींचा आपला अनुभव काय?

मुंबईने हा प्रयोग एकदा केलेला आहे. मालाडच्या चिंचोली बंदर परिसरात जुन्या डम्पिंग ग्राउंडच्या जागेवर चकचकीत ऑफिस संकुल उभे राहिले. कॉल सेंटर, बीपीओ, सर्व्हर रूम असा सगळा थाट. २००० च्या दशकात तिथल्या कंपन्यांकडून एक विचित्र तक्रार येऊ लागली. कॉम्प्युटर, सर्व्हर आणि इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणे वारंवार बंद पडत होती. कर्मचाऱ्यांच्या डोकेदुखीच्या आणि मळमळीच्या तक्रारीही होत्या, पण लक्ष वेधले ते यंत्रांनी.

कारण रसायनशास्त्रातले आहे. प्राणवायूशिवाय कुजणाऱ्या कचऱ्यातून प्रामुख्याने मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड निघतात, जवळपास निम्मे-निम्मे. सोबत अगदी थोड्या प्रमाणात हायड्रोजन सल्फाइडसारखी गंधकयुक्त संयुगे असतात. हायड्रोजन सल्फाइड चांदी आणि तांब्यावर तुटून पडतो. सर्किट बोर्डावरचे तारांसारखे बारीक पट्टे तांब्याचे असतात, अनेक जोडांवर चांदीचा मुलामा असतो. त्यावर काळा सल्फाइडचा थर चढतो, तो पसरत शेजारच्या पट्ट्याला चिकटतो आणि शॉर्ट सर्किट होते. देवघरातली चांदीची निरांजने काळी पडतात तीच ही प्रक्रिया, फक्त इथे नुकसान मदरबोर्डचे.

मालाडच्या प्रकरणात मला सर्वांत बोलकी वाटते ती गोष्ट ही, की तिथे वायूचा छडा लागण्याची वाट यंत्रांच्या दुरुस्तीच्या बिलातून गेली. राहत्या घरात सर्व्हर नसतात. तिथे डोकेदुखीला कारणे शंभर असतात आणि फरशीचा संशय शेवटी येतो.

नाकावर भरवसा ठेवता येत नाही. मिथेनला वास नसतो. घरच्या सिलिंडरला येतो तो वास मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. पाइप गॅसच्या भूमिगत वाहिनीतून गळती झाली तर तो वाससुद्धा मातीत शोषला जाऊन फिका पडू शकतो. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी कमी प्रमाणातही येतो, पण हवेतले प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेले की घ्राणेंद्रियच बधिर होते. वास ‘गेला’ असे वाटते तेव्हा धोका वाढलेला असू शकतो. आपल्याकडे मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगारांचे जीव जातात त्यामागे हाच वायू आणि प्राणवायूची कमतरता असते.

मिथेन स्वतः विषारी नाही. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तर तो स्फोटक असतो. त्याहून कमी असेल तर पेटत नाही आणि जास्त असेल तरीही पेटत नाही. ऐकायला हे दिलासादायक आहे, पण बंद खोलीतले २० टक्के मिथेन दार उघडताच १५ वर येते.

कचरा नसलेल्या जागा सुरक्षित आहेत का?

तसेही नाही. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळच्या गोरब्रिज गावात नगरपालिकेने काहीच वर्षांपूर्वी बांधलेल्या वसाहतीतले रहिवासी २०१३-१४ मध्ये आजारी पडू लागले. घरांखाली जुनी कोळसा खाण होती. खाणीत उरलेला कोळसा आणि खनिजे हवेतला प्राणवायू खातात आणि मागे राहते कार्बन डायऑक्साइडने भरलेली, प्राणवायू कमी असलेली हवा. ती घरांत येत होती. स्लॅबखाली वायुरोधक पडदा घातलेला नव्हता. शेवटी ६४ घरे पाडावी लागली. जमिनीवरून खाणीचा मागमूसही लागत नव्हता.

महाराष्ट्रात याचा विचार चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यात व्हायला हवा. घुग्घुसमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये अख्खे घर जमिनीत गडप झाले, तेव्हा गावाखाली किती जुन्या पोकळ्या आहेत याची झलक दिसली. ती घटना जमीन खचण्याची होती, वायूची नव्हे. पण जमीन खचते तिथे भेगा पडतात आणि वायूला वाट मिळते. झारखंडच्या झरियात १९१६ पासून जमिनीखाली कोळसा जळतो आहे. तिथल्या भेगांतून येणारा कार्बन मोनॉक्साइड हा वस्त्यांसाठी आगीइतकाच मोठा शत्रू आहे. झरियातल्या पुनर्वसनाच्या सुधारित आराखड्याला केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली, खर्च सुमारे ५,९४० कोटी रुपये.

पेट्रोल पंप आणि जुने कारखाने हा शहरी वाचकाच्या अधिक जवळचा विषय. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून गळलेले पेट्रोल भूजलावर तरंगते आणि त्याची वाफ वर येते. त्यात बेंझीन असते, जे रक्ताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते. इथे निसर्ग थोडी मदत करतो. मातीतले जिवाणू प्राणवायू मिळाला तर पेट्रोलची वाफ खाऊन टाकतात, बऱ्याचदा काही मीटरच्या आतच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची २०१५ ची मार्गदर्शिका याच आधारावर तरंगते पेट्रोल आणि इमारतीचा तळ यांच्यात १५ फूट स्वच्छ माती असेल तर धोका सहसा उरत नाही असे मानते. अट एकच, मातीत प्राणवायू पोहोचला पाहिजे. सोसायटीचे आवार भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीटने मढवले की आपण त्या जिवाणूंचाच श्वास कोंडतो. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नवा पंप शाळा, रुग्णालये आणि निवासी भागापासून ५० मीटर दूर हवा. जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा उपायांसह अंतर कमी करता येते, पण ३० मीटरच्या आत कोणत्याही परिस्थितीत नाही. जुन्या पंपांचे आणि बंद पडून त्यावर इमारत झालेल्या पंपांचे काय, हा प्रश्न शहरागणिक वेगळा आहे.

धातूचे सुटे भाग ग्रीसमुक्त करायला वापरले जाणारे ट्रायक्लोरोइथिलीन त्याहून चिवट. ते पाण्यापेक्षा जड असल्याने खोल उतरते, प्राणवायू असलेल्या मातीत जिवाणू त्याला सहसा हात लावत नाहीत आणि त्याची वाफ दशकानुदशके येत राहते. न्यूयॉर्क राज्यातल्या एंडिकॉट गावात आयबीएमच्या कारखान्याजवळ १९७९ मध्ये द्रावणांची मोठी गळती उघडकीस आली. भूजल साफ करण्याचे काम तेव्हाच सुरू झाले. घरांच्या आतली हवा तपासण्याची वेळ आली ती २००० नंतर. मग साडेचारशेहून अधिक इमारतींखाली वायू शोषणारी यंत्रणा बसवावी लागली. वीस वर्षे सगळ्यांचे लक्ष पाण्याकडे होते. ट्रायक्लोरोइथिलीनवर अमेरिकेने बंदीचा अंतिम नियम डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. ठाणे, पिंपरी-चिंचवड भागात बंद कारखान्यांच्या जागांवर टॉवर उभे राहत आहेत. अशा जागी पूर्वी नेमके काय बनत होते, एवढा प्रश्न बुकिंगच्या वेळी विचारला गेला तरी खूप झाले.

राहिला रेडॉन. तो कोणीच केलेले प्रदूषण नाही. खडकातल्या युरेनियमच्या ऱ्हासातून तयार होणारा, रंग-गंध नसलेला हा किरणोत्सारी वायू धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक मानला जातो. डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणारे स्टॅनली वॉट्रास हे अभियंते किरणोत्सार तपासणाऱ्या दारातून जाताना भोंगा वाजवू लागले. केंद्रात वीजनिर्मिती अजून सुरूच व्हायची होती. किरणोत्सार ते घरून आणत होते! त्यांच्या घरात रेडॉनची पातळी घनमीटरला सुमारे एक लाख बेकरेल निघाली. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी १०० आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टवर बसलेला आहे आणि बेसाल्टमध्ये ग्रॅनाइटच्या तुलनेत युरेनियम कमी असते, त्यामुळे या एका बाबतीत सह्याद्रीने आपल्याला थोडे झुकते माप दिले आहे.

नवी नियमावली काय सांगते?

जुलै २०२५ च्या नियमांनी पहिल्यांदा एक साखळी घालून दिली. जिल्हा प्रशासनाने संशयित प्रदूषित जागांचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा. राज्य मंडळ किंवा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण. घातक कचरा नियमांतल्या १८९ रसायनांपैकी कुणाची पातळी मर्यादेबाहेर आढळली, तर जागा प्रदूषित म्हणून जाहीर करायची आणि तिथल्या वावरावर निर्बंध घालायचे. प्रदूषण करणारा कोण हे ९० दिवसांत ठरवायचे आणि सफाईचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल तर केंद्र-राज्याने भार उचलायचा. देशभरात अशा १०३ जागा ओळखल्या गेल्या असताना सफाई सुरू झाली होती फक्त सात ठिकाणी. यावरून नियमांची गरज कळते. प्रदूषण सिद्ध झाल्यावर सफाई कधीपर्यंत पूर्ण करायची याची मुदत मात्र नियमांत नाही.

आता वगळलेल्या गोष्टी पाहा. किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातले तेल आणि कचराभूमीतला घनकचरा यांतून झालेले प्रदूषण या नियमांच्या बाहेर आहे. त्यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत, हे त्यामागचे कारण. इतर रसायनांची सरमिसळ होऊन मर्यादा ओलांडली गेली तरच या जागा नियमांत येतात. कायद्याच्या भाषेत यात काही गैर नाही. पण घरात शिरणाऱ्या वायूच्या नजरेतून हीच यादी वाचली की अडचण दिसते. लॉस्को, गोरब्रिज आणि मालाडमधला वायू आला तो कचरा आणि खाण यांतूनच. रेडॉनला तर प्रदूषक म्हणून पकडायला कोणी नाहीच. उरतात कारखान्यांची द्रावणे आणि पेट्रोल. तिथेही एंडिकॉटची वीस वर्षे आठवावीत. माती आणि पाणी तपासून फाइल बंद होणार, की सर्वेक्षण करणारे घराच्या आत जाऊन फरशीखालची हवा मोजणार? मला विचाराल तर नियमांचा कस इथे लागेल.

म्हणजे देवनारमध्ये घरे बांधूच नयेत का?

देवनारला कचरा टाकला जातो आहे १९२७ पासून. जानेवारी २०१६ मधली तिथली आग उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसली होती. केंद्रीय मंडळाच्या २०२४ मधल्या अहवालात इथून तासाला सरासरी ६,२०२ किलो मिथेन बाहेर पडत असल्याचे म्हटले आहे. पालिकेने मे २०२५ मध्ये सुमारे १८५ लाख टन जुना कचरा तीन वर्षांत हटवण्यासाठी २,३६८ कोटींची निविदा काढली.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी बंद झालेल्या कचराभूमीबाबत स्पष्ट अट घातली होती. बंद केल्यावर १५ वर्षे देखरेख, आणि त्यानंतरही वायू व सांडपाण्याची तपासणी मानकांत बसली, जमीन स्थिर असल्याची खात्री झाली, तरच मानवी वस्तीचा विचार. कचराभूमीवरचे मिथेन स्फोटक मर्यादेच्या २५ टक्क्यांवर जाऊ नये अशीही अट होती. देवनारचे समर्थक म्हणतात, ही अट कचरा जागेवर ठेवून वर माती टाकलेल्या भूमीसाठी आहे. इथे कचराच उचलून नेणार. हा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या पोकळ नाही. वायूचा कारखानाच काढून नेला तर वायू कुठून येणार?

पण त्यातला ‘काढून नेला तर’ हा भाग महत्त्वाचा आहे. बायोमायनिंगमध्ये कचरा चाळून माती, प्लास्टिक, दगड-विटा वेगळे करतात. शंभर वर्षांत झिरपलेल्या काळ्या पाण्याने खालची माती भिजलेली आहे, ती चाळणीत येत नाही. त्याखाली खाडीचा चिखल आहे आणि दलदलीचा चिखल स्वतःही मिथेन तयार करतो. शिवाय १२४ एकर साफ झाले आणि शेजारच्या उरलेल्या भागात कचरा राहिला किंवा येत राहिला, तर लॉस्कोचे ७० मीटर आठवावे लागतात. वायू सातबारा पाहून थांबत नाही.

म्हणून प्रश्न बांधायचे की नाही यापेक्षा कोणत्या क्रमाने बांधायचे हा आहे. आधी कचरा पूर्ण उचलला जावा. मग जमिनीत वेगवेगळ्या खोलीवर नळ्या पुरून किमान एक पूर्ण पावसाळा, कमी दाबाच्या दिवसांसह, वायू मोजला जावा आणि आकडे सर्वांना पाहता यावेत. शेजारच्या भागाच्या हद्दीवर वायू अडवणारा चर किंवा नळ्यांची रांग हवी. त्यानंतर पाया. निविदेची तीन वर्षे आणि पुनर्वसनाची घाई यांत मधला टप्पा गाळला जाण्याची भीती खरी आहे. ज्यांना तिथे पाठवले जाणार आहे ते पुनर्विकासाच्या निकषांत ‘अपात्र’ ठरणारे लोक. वायू निघाला म्हणून दुसरीकडे फ्लॅट घेण्याची सोय त्यांच्याकडे नसेल.

वायू रोखण्याचे तंत्रज्ञान महाग आहे का?

नाही, आणि म्हणूनच टाळाटाळ खटकते. नव्या इमारतीत स्लॅबखाली खडीचा थर, त्यात छिद्रे असलेले पाइप, वर जाड प्लास्टिकचा वायुरोधक पडदा आणि पाइपचे तोंड गच्चीपर्यंत नेलेले असावे. गरज पडली तर त्या पाइपला छोटा पंखा जोडतात. पंख्यामुळे स्लॅबखालचा दाब घरातल्या दाबापेक्षा कमी होतो आणि वायू वर येण्याऐवजी पाइपातून बाहेर जातो. चार पास्कलची ओढ उलटी फिरवायची, एवढेच. पडदा घालताना एका पाइपभोवती फट राहिली तर मात्र सगळे मुसळ केरात, म्हणून बिल्डरच्या शब्दापेक्षा कामाची स्वतंत्र तपासणी महत्त्वाची. इमारत उभी राहिल्यावर हे करता येते, पण फरशी फोडून आणि कित्येक पट खर्चाने.

आपल्या शहरांतली एक सवय इथे नकळत कामी येते. स्टिल्टवर उभ्या इमारतीत तळाशी मोकळे पार्किंग असते, वारा खेळतो आणि वायू घरापर्यंत पोहोचण्याआधीच विरतो. हा फायदा स्टिल्टच्या बाजू भिंतींनी बंद करून तिथे जिम, ऑफिस किंवा वॉचमनची खोली काढली की संपतो. चाळी, बैठी घरे, रो-हाऊस आणि दोन-तीन मजली बेसमेंटच्या इमारतींना तो मिळतच नाही.

तुमच्या इमारतीत काय पाहाल?

सुरुवात बाथरूमपासून करा. शहरी घरात जमिनीखालून येणारा सर्वांत नेहमीचा वायू गटाराचाच असतो आणि त्याला अडवतो तो नाहणी ट्रॅपमधला सुमारे ५० मिलिमीटर पाण्याचा थर. पाहुण्यांची बंद खोली, गावी गेल्यावर महिनाभर बंद राहिलेले घर, अशा ठिकाणी ते पाणी वाळते. तांब्याभर पाणी ओतले की काम भागते. पाणी ओतूनही वास टिकत असेल, विशेषतः तळमजल्यावर, लिफ्टजवळ किंवा बेसमेंटमध्ये आणि पावसाची झड लागल्यावर, तर प्लंबरच्या पुढे जाण्याची वेळ आली आहे.

घरी असताना डोके दुखते, बाहेर पडल्यावर उतरते आणि असे घरातल्या एकाहून अधिक लोकांना होते, ही नोंद डॉक्टरांना सांगण्यासारखी आहे. चांदी, तांबे नेहमीपेक्षा झपाट्याने काळे पडणे ही मालाडची खूण. पेट्रोलचा वास बोअरच्या पाण्याला किंवा टाकीला येऊ लागला तर हवेचीही तपासणी मागा. स्फोटक वायू, प्राणवायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड एकदम दाखवणारे हातातले मीटर सुरक्षा तपासणी करणाऱ्या संस्थांकडे असतात. पावसाळ्यात, रात्रभर बंद ठेवलेल्या बेसमेंटमध्ये ते सकाळी फिरवायला सांगा. ऑनलाइन मिळणारे हवेच्या गुणवत्तेचे छोटे मीटर धूलिकण मोजतात, त्यांना यातले काही कळत नाही. पेट्रोल वा गॅसचा उग्र वास अचानक आला तर दिव्याची बटणे दाबू नका, लिफ्ट वापरू नका, जिन्याने बाहेर पडा आणि बाहेरून १०१ किंवा ११२ वर फोन करा.

इमारतीच्या जागेवर पूर्वी कारखाना, पंप किंवा रसायनांचे गोदाम होते अशी शंका असेल, तर नव्या नियमांनी एक दार उघडले आहे. संशयित जागांचा सहामाही अहवाल जिल्हा प्रशासनाने द्यायचा आहे. सोसायटीच्या लेटरहेडवर जागेचा पूर्वेतिहास, जुने नकाशे आणि रहिवाशांच्या नोंदी जोडून अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, त्याची प्रत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या आणि पोच घ्या. अर्जात माती व पाण्यासोबत ‘स्लॅबखालील आणि घरातील हवेची तपासणी’ हे शब्द स्वतंत्रपणे लिहा.